यांना सोडून बाकी सगळे

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींची बदली झाली की पूर्वी ते नव्या गावात आधी खोली बघायचे, मग दूधवाला. आता खोली तालुक्याच्या गावीच असते आणि दूध पिशवीतलं, त्यामुळे ते दोन्ही प्रश्न मिटले. आता पहिलं काम व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. आपलं स्टेटस कुणाकुणाला दिसू नये, ही यादी नव्यानं लावायची. जुने केंद्रप्रमुख यादीतून सुटतात, नवे आत येतात. त्यांच्या मागोमाग बीटचे विस्तार अधिकारी, रजेचे अर्ज ज्यांच्या टेबलावर पडतात ते पंचायत समितीतले लेखनिक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, अध्यक्षांपेक्षा जास्त बोलणारे त्यांचे धाकटे बंधू आणि शेजारच्या शाळेतले ते एक सर, ज्यांचा स्वभाव अख्ख्या केंद्राला ठाऊक आहे. पंचायत समितीच्या भिंतीवरच्या अधिकाऱ्यांच्या तक्त्यात तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या साहेबांचं नाव अजून सापडेल. गुरुजींच्या फोनमधला 'यांना सोडून' हा तक्ता मात्र कायम अद्ययावत.

एवढं करूनही घात व्हायचा तो होतोच. गुरुजींनी किरकोळ रजा टाकलेली असते 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे'. स्वतःचं स्टेटस ते दोन दिवस कोरं ठेवतात. पण मेव्हणा नोकरदार नाही, त्याला लपवायचं काही नाही. त्याच्या स्टेटसवर तीस सेकंदांत गुरुजी हळदीत डीजेपुढे उपरणं फिरवताना दिसतात, आणि प्रकृती चांगली दणकट दिसते. मेव्हणा विस्तार अधिकाऱ्यांचा गाववाला निघतो. महाराष्ट्रात कुणाचा तरी मेव्हणा कुणाचा तरी गाववाला निघतोच.

शिक्षकाच्या नावलौकिकाचा कारभार पूर्वी गावाकडे असायचा. पारावर, केशकर्तनालयात आणि आठवडी बाजाराच्या वाटेवर तो ठरायचा. गणिताच्या सरांना मुलांनी ठेवलेलं नाव मुतारीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं असायचं, आणि दिवाळीच्या सुट्टीत चुना मारला की त्या वर्षीचा हिशेब मिटायचा. पुढे हे काम काही वर्षं गूगलच्या नकाशानं हाती घेतलं होतं. शाळेच्या नावापुढे तारे असायचे. माजी विद्यार्थी, ज्यांना बाराखडी पाठ होण्याआधी सरांची छडी पाठ होती, ते चाकणच्या एमआयडीसीत कंपनीत लागल्यावर जेवणाच्या सुट्टीत शाळेला पाच तारे देऊन मोकळे व्हायचे. तेव्हा सातवीत असलेला एखादा वडिलांच्या फोनवरून एक तारा द्यायचा आणि कारण म्हणून गृहपाठाचा उल्लेख करायचा. यावर चुना मारता यायचा नाही. खात्याच्या कुठल्याही अनुदानात त्यासाठी शीर्ष नव्हतं.

आता न्यायानं बोलायचं तर फोटोची ही चटक गुरुजींना उपजत नव्हती. ती शासनानं लावली. नोव्हेंबर २०१६ मध्ये शालेय शिक्षण विभागानं आदेश काढला होता की शिक्षकांनी वर्गातल्या मुलांसोबत दहा-दहाच्या गटानं सेल्फी काढावी आणि 'सरल' या संगणकप्रणालीवर चढवावी. शाळाबाह्य मुलं त्यातून समजतील, अशी कल्पना. आता ज्या मुलाला शाळेत आणायचं आहे ते सेल्फीत नसणार, आणि जे सेल्फीत आहे ते शाळेत आलेलंच आहे, हा मुद्दा चौथीच्या बुद्धिमत्ता चाचणीतल्या मुलालाही कळला असता. त्यात वाडीवस्तीवर रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि जानेवारी २०१७ मध्ये हा आदेश बारगळला. आदेश गेला, पण बोट कॅमेऱ्याच्या बटणावर राहिलं ते राहिलंच. पुढे 'हर घर तिरंगा' आलं, वाचनाचे उत्सव आले, 'एक पेड माँ के नाम' आलं, 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' आलं. प्रत्येकाचा शेवट एकाच वाक्यात: फोटो अपलोड करावेत.

हा फोटो निघतो कसा, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. शाळा दोनशिक्षकी. एक सर तालुक्याला मीटिंगला, कारण दोघांतला एक कायम मीटिंगला असतोच. उरलेल्या गुरुजींनी फोटोत दिसणं आवश्यक, त्यामुळे फोन चौथीतल्या एका चुणचुणीत पोराकडे जातो. रोप एक आणि त्याला लागलेले हात चौदा. ज्याला हात पुरत नाही तो रोप धरणाऱ्याचा शर्ट धरतो. बॅनर धरणारी दोन पोरं बॅनरच्या मागे गेल्यानं फक्त चार पाय म्हणून दिसतात. फोनमधलं अ‍ॅप फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश छापतं. तो आकडा उमटेपर्यंत सगळ्यांनी हसत थांबायचं. ऊन डोळ्यांवर. पहिल्या फोटोत पोराचा अंगठा येतो. दुसऱ्यात गुरुजींचं डोकं कापलं जातं, पण मागची झेंडूची फुलं सुरेख येतात. तिसरा फोटो नेमका जमतो आणि खाली पत्ता छापून येतो तो ओढ्यापलीकडच्या दुसऱ्याच वस्तीचा. मग रात्री विचारणा होते की आपण शाळेच्या वेळेत तिकडे काय करत होतात. त्या रोपाला त्या दिवशी पाणी घातलं का, हे कुणीही विचारत नाही. पाण्याचा रकाना लिंकमध्ये नाही.

आणि ज्या कामानं शिक्षकाचं खरं नाव होतं, ते फोटोत येतच नाही, ही यातली गोची आहे. तिसरीतली एक मुलगी जोडाक्षरापाशी सहा महिने अडखळत होती आणि एका मंगळवारी ती अडखळली नाही. याचा फोटो काढला तर एक मुलगी पुस्तक धरून बसलेली दिसेल. सोमवारीही ती तशीच दिसत होती.

म्हणून मग जे दिसतं त्यावर भर. शिक्षकांच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचाव्यात. साध्या शिक्षकाचा वाढदिवस नसतोच. तो उपक्रमशील असतो, तंत्रस्नेही असतो, विद्यार्थिप्रिय, दिलखुलास आणि राज्यस्तरीय पुरस्कारप्राप्त असतो. पुरस्कार देणाऱ्या संस्थाही उदार. काही संस्थांची नोंदणी फी भरली की गुणवत्ता आपोआप राज्यस्तरीय होते, थोडी जास्त भरली की राष्ट्रीय. खुद्द सरकारी पुरस्कारासाठीसुद्धा नम्रतेला फारसा वाव नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकानं स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा असतो. म्हणजे आपण किती निरपेक्ष आहोत, हे पुराव्यासहित आपणच मांडायचं. 'मी प्रसिद्धीपासून दूर राहतो' असं लिहून सोबत वृत्तपत्रांची बावीस कात्रणं जोडलेला प्रस्ताव ज्यानं पाहिला नाही, त्यानं महाराष्ट्रातलं शिक्षणक्षेत्र पाहिलेलं नाही.

टाळेबंदीच्या काळात याला बहर आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि प्रश्नमंजूषांची साथ सुरू झाली. पर्यावरण, संविधान, योग, जलसाक्षरता, कशावरही दहा प्रश्न. पन्नास टक्के गुण मिळवा, प्रमाणपत्र मेलवर. दोन महिन्यांत कित्येक गुरुजींच्या स्टेटसवर इतकी प्रमाणपत्रं झाली की वरच्या पट्टीतल्या रेघांचे ठिपके झाले. पण त्याच काळात जून २०२० मध्ये पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेनं कपडे अडकवायचा हँगर चिंध्यांनी वरून टांगला, त्यात फोन बसवला आणि फळ्यावर समीकरणं लिहीत वर्ग घेतला. त्यांच्याकडे फोन धरायला तिपाई नव्हती एवढंच. त्याचा व्हिडिओ त्यांनी लिंक्डइनवर टाकला आणि तो देशभर फिरला. त्यानंतर किती जणांनी घरात स्टँड असूनही हँगर टांगला, याची मोजदाद कुणी केलेली नाही, आणि ते बरंच झालं.

खरी खळबळ उडाली ती ३ डिसेंबर २०२० रोजी. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडी, तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या घरात. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामाचा त्यात मोठा वाटा. डिसले सरांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून टाकली, आणि महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांच्या घरी त्या रात्री दोन प्रश्न एकापाठोपाठ एक विचारले गेले. पहिला, तुम्ही का नाही हो असं काही करत? दुसरा, केलंत तरी अर्धे वाटणार नाही ना? पुढच्या वर्षभरात क्यूआर कोडला असे काही दिवस आले की तो शाळेच्या दारावर, हजेरीपटावर आणि परसबागेतल्या वांग्याच्या वाफ्यावरही चिकटला. वांगं स्कॅन केलं की वांग्याची माहिती उघडते. वांगं समोरच असतं.

गंमत म्हणजे जे खरोखर गाजतं ते ठरवून गाजत नाही. २०२२ मध्ये नगर जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलानं वर्गात 'चंद्रा' ही लावणी म्हटली, त्याचा व्हिडिओ पसरला, आणि पुढे त्याच मुलाला अजय-अतुल यांच्याकडे 'महाराष्ट्र शाहीर' चित्रपटासाठी गायला मिळालं. जानेवारी २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका चिमुकल्यानं प्रजासत्ताक दिनाला लोकशाहीवर भाषण ठोकलं आणि राज्याला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. हे पाहून पुष्कळ शाळांत उत्स्फूर्त भाषणांचा सराव सुरू झाला. मुलानं कुठे अडखळायचं आणि कुठे निरागस दिसायचं, हे सर पेन्सिलीनं खुणा करून देतात. पोरगं घोकतं. फोन लावला जातो. बावीस लोक बघतात, त्यातले एकोणीस शिक्षक, आणि ते फक्त अंगठा देण्यासाठी. या सगळ्यात ज्या मुलाचा चेहरा कायमचा इंटरनेटवर जातो, त्याच्या आईला विचारलं होतं का, हा प्रश्न कुठल्याच शेऱ्यात येत नाही. विचारलं तर आई नाही म्हणण्याची शक्यता कमी, पण मुलगा सोळाव्या वर्षी म्हणेल.

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या बाईंची कथा निराळी. तिथे बाईंच्या नावलौकिकापेक्षा संस्थेचा मोठा. फेब्रुवारी-मार्चात 'प्रवेश सुरू' असलं की संस्थेच्या इन्स्टाग्रामवर रील हवीच. गाणं त्या आठवड्यात चालणारं. मग बी. एड. करून, बारा वर्षं विज्ञान शिकवून, बाई हातात परीक्षानळी घेऊन 'गुलाबी साडी'वर डावीकडून उजवीकडे सरकतात. नाचायला नकार दिला तर सहकार्यवृत्ती कमी, फार चांगलं नाचलं तर पालकांत कुजबुज. तेव्हा मोजून बेताचं नाचायचं. पगारपत्रकावर याचा भत्ता दिसत नाही.

पालकांचा ग्रुप हा दोन्हीकडे समान. त्यात एक वडील रोज पहाटे पाच वाजता सूर्योदय पाठवतात, एकांना गुंठेवारीतला प्लॉट विकायचा असतो, आणि एक आई रात्री सव्वाअकराला विचारते की उद्या भूमितीची वही आणायची आहे का. बाई चुकून बघतात. निरोप कुणी वाचला त्या यादीत त्यांचं नाव चढतं. आता उत्तर दिलं तर रात्री सव्वाअकराला बाई उपलब्ध असतात, असा पायंडा पडतो. नाही दिलं तर वाचूनही उत्तर देत नाहीत, अशी बोंब. त्यात एखाद्या घरी दुःखद घटना घडल्याचा निरोप येतो आणि डब्याच्या घाईत बाईंचा अंगठा भलत्याच चिन्हावर पडतो. हसरा पिवळा चेहरा तीन सेकंदच राहतो, पण तेवढ्यात सहा जणींनी तो टिपून दुसऱ्या ग्रुपवर पाठवलेला असतो. त्या ग्रुपमध्ये बाई नसतात, म्हणून तर तो काढलेला असतो.

इथवर हसण्यावारी. यापुढे थोडं जपून, कारण प्रकरण पोलीस ठाण्यात जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवलं. कलम ३७० हटवल्याच्या दिवसावर टीका करणारं आणि पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारं. हे प्राध्यापक पालक-शिक्षकांच्या ग्रुपमध्ये होते. हातकणंगले पोलिसांनी गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. अखेर ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी तो रद्द केला, आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार नागरिकाला आहे, हे पोलिसांनाही समजावून द्यायची वेळ आल्याचं सुनावलं. स्टेटसचं आयुष्य चोवीस तासांचं. त्याचा निकाल लागायला दीड वर्षाहून जास्त.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, मुंबईतल्या एका नामांकित शाळेच्या मुख्याध्यापिकांना नोकरी गमवावी लागली. त्यांनी एक्सवर काही लिहिलेलं म्हणून वाद उठला नव्हता; इतरांच्या पोस्ट त्यांनी 'लाइक' केल्या होत्या, त्यावरून उठला. जूनमध्ये एक्सनं कुणी काय लाइक केलं हे इतरांना दिसणंच बंद केलं. म्हणजे बाईंनी महिनाभर अंगठा आवरला असता तर पुढे कितीही दाबता आला असता. अशा बातम्या स्टाफरूममध्ये कुणी मोठ्यानं वाचत नाही. ज्यांनी वाचल्या ते संध्याकाळी घरी गेल्यावर २०१४ पासूनच्या आपल्या पोस्ट खाली खाली सरकवत बसतात, आणि बायको विचारते, एवढं काय शोधताय?

ग्रुपचे अ‍ॅडमिन मात्र थोडे निर्धास्त आहेत. गोंदियाकडच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं की समान हेतू दिसल्याशिवाय सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. हा निकाल कितीतरी मुख्याध्यापकांनी जपून ठेवलाय, अगदी सेवापुस्तकाशेजारी.

शासनालाही शिक्षकांच्या प्रतिमेची काळजी वाटते, वेळोवेळी वाटते. ऑगस्ट २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचे ए-फोर आकाराचे रंगीत फोटो लावायचं फर्मान निघालं, 'आपले गुरुजी' या नावानं. सांगितलं गेलं की आदर वाढेल; पारावर चर्चा अशी की वर्गात आपल्या जागी भाड्याचा माणूस उभा करणाऱ्यांना चाप बसेल. मार्च २०२४ मध्ये पेहरावाची संहिता आली: जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक नको, पुरुषांचा शर्ट खोचलेला. त्याच कागदात एक बहुमानही होता. डॉक्टरांच्या नावामागे जसं 'डॉ.' असतं तसं शिक्षकांनी नावामागे मराठीत 'टि' लावावं. या अक्षरावर स्टाफरूममध्ये जी चर्चा झाली ती छापण्यासारखी नाही. चहाचा उल्लेख तीत बराच होता.

आणि मग सप्टेंबर २०२४. कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आणि संचमान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवायचे, निकष यांविरुद्ध जिल्हा परिषद शिक्षक रस्त्यावर आले. २५ सप्टेंबरला सामूहिक रजा घेऊन मोर्चे निघाले. पण त्याआधीचं हत्यार जास्त लक्षात राहण्यासारखं: शिक्षक प्रशासनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले. अ‍ॅडमिनच्या फोनवर ओळीनं नावं, अमुक बाहेर पडले, तमुक बाहेर पडले. गांधीजींनी मीठ उचललं होतं. इथे 'तात्काळ', 'अत्यंत तातडीचे', 'आजच सादर करावे' आणि त्यावरचं 'निरंक' हे सगळं एका बोटानं खाली ठेवलं गेलं. त्या दिवसांत शाळांमध्ये म्हणे एक विचित्र शांतता पसरली होती आणि काही ठिकाणी दुपारपर्यंत सलग शिकवणं झालं.

या सगळ्यावरचा कळस २८ जुलै २०२५ चा. सामान्य प्रशासन विभागानं सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांची नियमावली काढली. सरकारी धोरणावर प्रतिकूल टीका नको. वैयक्तिक खातं वेगळं, कार्यालयीन वेगळं. स्वतःचा फोटो चालेल, पण पदनाम, बोधचिन्ह, सरकारी गाडी, सरकारी इमारत यांच्यासह रील नको. योजनांच्या यशाबद्दल लिहिता येईल, मात्र त्यात स्वतःची स्तुती होता कामा नये. आता शाळा ही इमारत सरकारी, गुरुजी तिच्यातले शिक्षक, आणि योजना त्यांनीच राबवलेली. स्वतःला वगळून तिचं यश कसं सांगायचं? गुरुजींनी त्यावर तोडगा काढला. त्यांनी वृक्षारोपणाचा तोच फोटो टाकला ज्यात चौथीतल्या पोरानं त्यांचं डोकं कापलं होतं.

नियमावली केंद्राच्या ग्रुपवर आली तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. सोबत केंद्रप्रमुखांची सूचना होती: सर्व मुख्याध्यापकांनी हा शासन निर्णय स्टाफला वाचून दाखवावा, प्रत्येकाची सही घ्यावी, आणि वाचन सुरू असतानाचे किमान दोन फोटो उद्या अकरापर्यंत ग्रुपवर पाठवावेत.